बरणीतले धागे

(शाळेची प्रयोगशाळा. भर दुपार, पण खिडक्यांवर काळी कापडं लावल्यामुळे आत अंधार.)

काचबाई – दार आधी लावून घे. पूर्ण लाव. फट राहिली की सगळी मेहनत पाण्यात.

आई – लावते. पण मी थांबणार नाहीये. सर कुठे आहेत? त्यांना दोन शब्द सांगायचेत आणि निघायचंय.

काचबाई – सर बर्फाच्या कारखान्यात गेलेत. सकाळी आणलेला कोरडा बर्फ वाटेतच अर्धा उडून गेला. भाजी आणावी तसा पिशवीतून आणला त्यांनी. उरलाय त्याच्यावर मी सुरुवात करून दिलीय.

आई – मग तुम्ही कोण?

काचबाई – मी राखण करतेय. पुढे ये, तिथे पायात स्टूल येईल.

आई – नको, इथेच बरी आहे. कसला वास येतोय हा? स्पिरिट?

काचबाई – स्पिरिटच. बरणीच्या झाकणाला आतून लोकरीची पट्टी लावलीय, ती भिजवलीय त्यात.

आई – दवाखान्यासारखा वास येतोय. बरं, सरांना एवढं सांगा. नववीतल्या माझ्या मुलीचं नाव उद्याच्या त्या प्रयोगातून काढून टाका. बटणं मागितली होती, ती आणलीत. भरपूर आहेत. ही पिशवी इथे टेबलावर ठेवते. परत नाही दिलीत तरी चालेल. मुलगी तेवढी नको.

काचबाई – दोरा दिलास आणि सुई ठेवून घेतलीस.

आई – काय म्हणालात?

काचबाई – सुई. आत्ता ओळखलं. मघापासून आवाज ओळखीचा वाटत होता, कुठला ते लागत नव्हतं. खिडकीजवळच्या बाकावर बसायचीस. वर्गात वारा आला की सगळ्या म्हणायच्या, सुईला धरा, उडेल.

आई – काचबाई? अगंबाई. म्हणजे, बाई, माफ करा हं.

काचबाई – माफ कशाला करू? इतकी वर्षं पाठीमागे ऐकलं, आज तोंडावर ऐकलं एवढंच. वाईट नाहीये नाव. मी धरून होते याहून वाईट असेल म्हणून.

आई – तुमच्या हातात कायम काहीतरी काचेचं असायचं, म्हणून. आणि तुम्ही ते बोलता बोलता पुसत असायचात. पदरानं.

काचबाई – अजून पुसते. आता दिसत नाही पुसलं गेलं की नाही, पण हात थांबत नाही. तू काय करतेस?

आई – शिवण. मागच्या गल्लीत दुकान आहे. तुमच्या शाळेचे गणवेश मीच शिवते.

काचबाई – म्हणजे तेव्हा अंगकाठीमुळे सुई, आता धंद्यामुळे.

आई – आता अंगकाठी राहिली नाही बाई. तुम्हाला अंधारात दिसत नाहीये म्हणून.

काचबाई – उजेडातही मला फारसं दिसत नाही, तेव्हा तुझी काळजी मिटली. बस ना जरा. बरणी गार व्हायला वेळ आहे, आणि एकटीनं अंधारात बसायचं म्हणजे डोळा लागतो मला.

आई – तुम्ही अजून येता शाळेत?

काचबाई – छे ग. सोडूनही जमाना झाला. नव्या सरांना कपाटात ही बरणी सापडली. खाली काळा पत्रा, वर लोकर. उचलली आणि पत्ता विचारत थेट माझ्या घरी. म्हणाले, बाई, यात मासे ठेवायचात का तुम्ही? मी म्हटलं, नाही हो, आभाळ ठेवायचे. मग हटूनच बसले. उद्या वर्गात करायचं म्हणाले, आणि मुलांनी आपल्या हातानं करायचं. कोणी लोकर भिजवायची, कोणी बर्फ फोडायचा, कोणी बॅटरी धरायची. आज आम्ही रंगीत तालीम करतोय.

आई – मुलांनी हातानं.

काचबाई – हातानंच. तू नाही केलंस? ब्युरेटची तोटी सोडायचीस, खालच्या पाण्यात थेंब थेंब, आणि एका थेंबानं सगळं गुलाबी. बाकीच्यांचं नेहमी भडक व्हायचं, डाळिंबासारखं. घाई. तुझं मात्र फिकट. हलवलं की गेलं की काय असं वाटावं इतकं फिकट. तुझी कुपी मी वर्गात फिरवायचे, बघा म्हणायचे, थांबायचं कुठे ते हिला कळतं.

आई – लक्षात आहे तुमच्या?

काचबाई – सकाळी काय खाल्लं ते विचार, नाही सांगता येणार. तो गुलाबी रंग मात्र अजून इथे आहे, डोळ्यांच्या मागे. असो. मुलगी का नको ते सांग.

आई – नको म्हणजे नको.

काचबाई – शब्दाला घाबरलीस? किरणोत्सार. शब्द मोठा आहे खरा. सगळी पालकमंडळी घाबरतात.

आई – मी शब्दाला नाही घाबरत बाई. मी तो गिळलाय.

काचबाई – म्हणजे?

आई – गळ्यात गाठ होती. ती काढली. मग म्हणाले, उरलंसुरलं जाळायला एक गोळी घ्यावी लागेल. जाड शिशाच्या डबीतून आणली. हातमोजे घातलेला माणूस. त्यानं डबी उघडून समोर ठेवली, पाण्याचा ग्लास ठेवला, आणि मागे सरकला. दारापर्यंत. तिथून म्हणाला, घ्या ताई. तो सरकला. मी कुठे सरकणार होते? माझ्याच पोटात गेली ती.

काचबाई – हं.

आई – मग वेगळी खोली. ताट वेगळं, कपडे वेगळे धुवायचे. घरी पाठवताना सांगितलं, मुलीला काही दिवस जवळ घेऊ नका. मागच्या गणवेशांच्या वेळची गोष्ट. वर्ष झालं, आता पुन्हा गणवेश आलेत.

काचबाई – आणि अजून?

आई – अजून. ती आत्याच्या खोलीत निजते. माझं ताट वेगळं, टॉवेल वेगळा. माप घ्यायचं झालं तर आत्या टेप धरते, मी लांबून आकडा लिहिते. पोरगी वाढतेय, बाई. उंची वाढली, खांदे भरले. ते मी आकड्यांत बघितलं.

काचबाई – डॉक्टर काय म्हणतात?

आई – म्हणतात, केव्हाच गेलं. यंत्र लावून बघितलं. यंत्र काही बोललं नाही. नवरा म्हणतो, यंत्र बोलत नाही तर तू का बोलतेस. पण तो माणूस मागे सरकला ते मी बघितलंय ना. ते यंत्रानं नाही बघितलं.

काचबाई – पोर काय म्हणते?

आई – काही नाही म्हणत. आधी विचारायची, आई, किती दिवस? मी म्हणायचे, अजून थोडे. आता विचारत नाही, स्वतःच अंतर ठेवून बसते. आत्ताही बाहेर पायऱ्यांवर बसलीय, मी वरच्या पायरीवरून उतरले की ती खाली उतरेल. आणि सरांनी या प्रयोगाचं नाव काढलं तेव्हा म्हणे सगळ्यांच्या आधी हात वर केला. घरात एक पुरे आहे बाई. तिला तरी यातून लांब राहू दे.

काचबाई – बरं. सरांना सांगते.

आई – रागावलात?

काचबाई – नाही ग. माझा काय हक्क रागवायचा? बटणं कसली आणलीस ते तरी दाखव.

आई – सगळी सरमिसळ. शर्टाची, गणवेशाची, थोडी कोटाची. उरलेली असतात ना, बरणी भरते आपोआप. पण बटणांचं काय करायचं असतं यात?

काचबाई – समोर ताट आहे बघ, चपटं, कडा उंच असलेलं. त्यात ओत दोन मुठी. शेजारी चंचुपात्र आहे.

आई – चंचुपात्र. किती वर्षांनी ऐकला हा शब्द.

काचबाई – आता ताट हलव, चांगलं गदगदून. हलवलंस? जी पालथी पडलीत ती काढून चंचुपात्रात टाक.

आई – या अंधारात?

काचबाई – तुला बटणाला उजेड लागतो?

आई – नाही. बोटाला कळतं. सुलट बाजू वाटीसारखी खोलगट, उलट बाजू सपाट. काही काही दोन्हीकडून सारखी असतात, पण त्यांची एक कड घासलेली असते. ही घ्या. हे पालथं. हे पालथं. हे उताणं, राहू दे.

काचबाई – ऐकायला किती छान वाटतंय ते. टप, टप.

आई – झालं. काढली सगळी.

काचबाई – किती उरली ताटात?

आई – अंदाजानं निम्मी.

काचबाई – पुन्हा हलव. थांब, हलवण्याआधी सांग, आता यातलं कुठलं बटण पालथं पडणार?

आई – ते कसं सांगणार?

काचबाई – आणि किती पडतील?

आई – निम्मी पडतील की. थोडी इकडे, थोडी तिकडे.

काचबाई – झालं. उद्याचा धडा तू घेतलास. एकाचं काही सांगता येत नाही, घोळक्याचं सांगता येतं. माझी सगळी नोकरी एवढं एकच वाक्य सांगण्यात गेली.

आई – हे कोटाचं आहे, जड. हे आधी पडेल?

काचबाई – बटण म्हणजे इथे किरणोत्सारी कण. खऱ्या कणाला जड-हलकं, जुनं-नवं काही नसतं. तो थकत नाही, म्हातारा होत नाही. बसल्या जागी असतो, असतो, आणि एका क्षणी नसतो. मला लहानपणी हे फार आवडायचं. थकत नाही आणि जातो.

आई – तुम्हाला कोणी शिकवलं हे?

काचबाई – आमचे एक सर होते, दम्याचे. बोलता बोलता थांबायचे, आम्हाला वाटायचं विचार करतायत. एकदा त्यांनी काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच आणली, अशीच खोली काळोखी केली. काचेवर किल्ली ठेवली, किल्लीवर गॅसबत्तीची जाळी. पूर्वीच्या त्या जाळ्यांत थोडं थोरियम असायचं, किरणं सोडणारं. सगळं एका खोक्यात घालून कपाटात. म्हणाले, आता सुट्टीला जा आणि विसरा. मी कुठली विसरते. सुट्टीभर मला त्या कपाटाची स्वप्नं पडली. परत आलो, काच धुतली. पाण्यात हळूहळू किल्ली उमटली. सावली. कुठलाही उजेड नसताना पडलेली सावली. एकेकीनं हातात घेऊन बघितली. मला वाटलं, आपण सगळे झोपलो होतो तेव्हा कोणीतरी तिथे जागं होतं.

आई – अंगावर काटा आला.

काचबाई – चांगला का वाईट?

आई – ते कळेना. हलवू का पुन्हा?

काचबाई – हलव. तुला बोटांनी कळतंय ना किती उरलीत?

आई – मूठभर. बाई, हे एकदा हलवणं म्हणजे किती काळ धरायचा?

काचबाई – ज्या त्या पदार्थाचा वेगळा. तुला दिलं ते आयोडीन असणार, त्याचा म्हणशील तर आठ दिवस. आठ दिवसांत निम्मं. पुढच्या आठ दिवसांत त्या निम्म्याचं निम्मं. शिवाय शरीर आपलं आपण धुऊन टाकतं, ते वेगळंच.

आई – आठच दिवस?

काचबाई – का? तुला किती वाटले?

आई – मला आकडा सांगितला होता बहुतेक. मी ऐकला नसेल. त्या दाराकडे बघत होते. थांबा हं, हलवते. चार राहिली. हलवते. दोन. हलवते. एक.

काचबाई – हलव.

आई – तसंच आहे. उताणं. पुन्हा हलवते. तसंच.

काचबाई – राहतं कधी कधी.

आई – हेच ते, बाई. मी याच्यासाठीच ताट वेगळं ठेवलंय. ही एवढी सगळी गेली, ते मला पटतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं असणार, निम्मं, निम्म्याचं निम्मं. पण हे एक. हे कधी जाणार?

काचबाई – ते मला सांगता येत नाही.

आई – शास्त्रात लिहिलं असेल की.

काचबाई – शास्त्रालाही सांगता येत नाही. खोटं कशाला सांगू? आता जाईल, उद्या जाईल. एकाचं सांगता येत नाही म्हटलं ना मघाशी.

आई – मग झालं तर. मी काय चूक करतेय?

काचबाई – मी चूक म्हटलंच नाही.

आई – तुम्ही गप्प बसलात की चूकच असायची आमची. मला आठवतं.

काचबाई – तुझा हात मला माहीत आहे. कुठे थांबायचं ते कळायचं तुला, म्हणून मी काय सांगू, असं झालंय. बरणी गार झाली असेल. बॅटरी लावते. बघ आपल्याला काही दिसतं का.

आई – मी लांबूनच बघते. आत तसलीच जाळी आहे ना, गॅसबत्तीची?

काचबाई – आहे. नव्या सरांनी मुद्दाम आणली. जुन्या दुकानदाराच्या माळ्यावरून मिळवली.

आई – बाई, टेबलाच्या कडेवरून काहीतरी सांडतंय. धूर.

काचबाई – तो बर्फाचा. ओला नसतो, हात लाव, म्हणजे धुराला लाव, बर्फाला नको, चटका बसेल. आत काय दिसतंय ते सांग.

आई – धुकं. अगदी तळाशी. बारीक बारीक पडतंय, पाऊस पडल्यासारखं, पण फारच हळू.

काचबाई – बरोबर. आणि?

आई – बाकी काही नाही.

काचबाई – मला नुसता राखाडी गोळा दिसतो ग. माझ्या डोळ्यांच्या मधोमध एक डाग आहे, जिथे बघावं तिथे तोच. कडेकडेनं दिसतं. पूर्वी या बरणीपाशी मी पोरींना दमात घ्यायचे, ढकलू नका. आता मला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तू बघून सांग.

आई – तुम्ही मला पुढे बोलावताय.

काचबाई – बोलावतेय. नाही आलीस तरी चालेल.

आई – येते. पण हात नाही लावणार. थांबा. काहीतरी गेलं.

काचबाई – कसं गेलं?

आई – दोरा ओढावा तसं. पांढरा, सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि विरला. पुन्हा एक. हा आखूड आहे, जाडसर, गाठ मारून तोडल्यासारखा. आणि इकडे एक वाकडातिकडा. उसवलेल्या शिवणीतून निघतो ना दोरा, कुरळा, तसा.

काचबाई – अजून सांग.

आई – आता काही नाही. आता एक, अगदी बारीक, कच्चा टाका घातल्यासारखा, मधे मधे तुटलेला. बाई, हे आवाज का करत नाहीत?

काचबाई – मला पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. एवढं काही जातंय आणि आवाज नाही. कण स्वतः दिसत नाही, धुक्यात त्याची वाट तेवढी उमटते.

आई – दोन एकदम. किती सुंदर आहे हे. मला वाटलं होतं भीती वाटेल.

काचबाई – नाही वाटत?

आई – वाटतेय. पण बघतेय. हे सगळं त्या जाळीतून येतंय ना? एवढ्याशा जाळीतून?

काचबाई – जाळीतून. मधे काडीवर टांगलेली दिसेल बघ.

आई – काडी नाही दिसत.

काचबाई – नीट बघ, पांढरी पिशवीसारखी असते.

आई – बाई, मी आयुष्यभर कापडच बघतेय. आत कापड नाही. काळा तळ आहे, वर धुकं आहे, मधे काही नाही.

काचबाई – असं कसं होईल? सरांनी ठेवली ना.

आई – तुमच्यासमोर ठेवली?

काचबाई – मी झाकण पुसत होते. ते म्हणाले, बाई, जाळी टेबलावर आहे. मी म्हटलं, हो हो. मला वाटलं, ठेवून झाल्यावर सांगतायत.

आई – टेबलावर कुठे? इथे माझी पिशवी आहे. पिशवीखाली काहीतरी आहे. पाकीट. न फोडलेलं. कागदातून लागतंय, आत विणीचं कापड आहे, मोज्यासारखं. हे ते आहे?

काचबाई – तेच. दे इकडे. अहो सर, काय म्हणावं तुम्हाला. मानाचं काम म्हणून माझ्यासाठी ठेवून गेले असणार. आणि मी बसलेय त्यांनी केलं म्हणून.

आई – म्हणजे ही पिशवी मी यावरच ठेवली होती. मघापासून.

काचबाई – मघापासून.

आई – आणि बरणीत?

काचबाई – बरणीत काही नाही.

आई – मुद्दाम केलंत? खरं सांगा. तुम्ही असं करायचात, आधी चुकीचं सांगायचात आणि मग आम्हाला शोधायला लावायचात.

काचबाई – शाळेत करायचे. आज नाही. आज मी खरंच फसले. नाहीतर तुला जाळीतून येतंय असं कशाला सांगितलं असतं? उद्या पोरांसमोर हेच झालं असतं तर सर लाजेनं पाणी पाणी झाले असते.

आई – मग हे दोरे कुठून येतायत? अजून येतायत. हा बघा एक. कुठून येतोय?

काचबाई – वरून. काही छपरातून. आभाळातून निघालेले असतात, छप्पर त्यांना काहीच नसतं, पार होतात. आडवे काही येतात ते भिंतीतून. विटा मातीच्या, मातीत थोडं असतंच, पृथ्वी झाली तेव्हापासूनचं. हवेतही असतं. ही खोली त्यानं भरलेली आहे. नेहमीच असते. आपण बरणी ठेवली म्हणून दिसतंय.

आई – म्हणजे आपण बसलोय ते यातच?

काचबाई – यातच. जन्मलो ते यातच. जाळी घातली की धागे जास्त येतात एवढंच.

आई – आणि माणसांतून?

काचबाई – अन्नातून आपल्यातही जातं, जसं मीठ जातं. माझ्यात आहे. सरांत आहे.

आई – तिच्यात?

काचबाई – तुझ्या पोटात होती तेव्हापासून.

आई – मग तो माणूस मागे का सरकला?

काचबाई – कारण त्या डबीत खरंच भरपूर होतं ग. ते मी नाकारत नाही. आणि तुला एकदा द्यायची होती, त्याला रोज कोणाला ना कोणाला द्यायची असते. तो सरकला म्हणून टिकेल त्या कामात. सरकला ते बरोबरच केलं त्यानं. तेव्हा तू लांब राहिलीस तेही बरोबर केलंस.

आई – तेव्हा.

काचबाई – तेव्हा.

आई – हे ताटात एक बटण आहे अजून.

काचबाई – राहू दे की त्याला. एकेक बटण प्रत्येकाच्या ताटात आहे. पार रिकामं ताट मी कोणाचं बघितलं नाही.

आई – हा दोरा बघितलात? नाही, तुम्हाला कसा दिसणार. पार वरून आला, सरळ. माप घेऊन आखल्यासारखा.

काचबाई – तू सांगितलास की मला दिसतो.

आई – बाई, तुम्ही जरा बॅटरी अशीच धराल? हलवू नका. मी दार उघडते, थोडंसंच.

काचबाई – उजेड येईल.

आई – येऊ दे थोडा. मी लगेच लावते. इकडे ये ग. हो, तुलाच. वर ये. दप्तर तिथेच राहू दे.

मुलगी – सर आले?

आई – नाही आले. आत ये आणि दार लाव. पूर्ण लाव, फट नको.

मुलगी – काही दिसत नाहीये मला. आई, तू कुठे आहेस?

आई – इथे. बोलतेय तिकडे ये. पायात स्टूल आहे, बघून.

मुलगी – मी बाकावर बसू? इथून किती लांब आहेस तू?

आई – बाकावर नको. इथे ये.

मुलगी – इथे म्हणजे कुठे?

आई – हा माझा हात. धर.

मुलगी – धरू?

आई – धर ना. किती गार झालेत हात. पायरीवर बसून बसून. इकडे, माझ्या पुढ्यात उभी राहा. अशी. बाई आहेत या, माझ्या बाई.

मुलगी – काचबाई?

काचबाई – घ्या. पुढच्या पिढीपर्यंत पोचलं.

मुलगी – सॉरी. आई सांगते तुमच्याबद्दल. आई, चालतं ना असं? खरंच?

आई – हलू नकोस, श्वाससुद्धा हळू घे. धुक्याकडे बघ. तळाकडे. आधी काही दिसणार नाही.

मुलगी – काही दिसत नाहीये.

आई – थांब जरा. घाई नाही करायची.

मुलगी – ते. आई, ते गेलं. ते बघितलंस? कुठून आलं?

आई – वरून.

मुलगी – कोणी सोडलं?

आई – कोणी नाही. येतंच असतं.

मुलगी – अजून एक. तुझ्या बाजूनं आलं हे.

काचबाई – कसं आलं? मला सांग, मला नाही दिसत.

मुलगी – वळत वळत. आता नाहीये. आई, तुला दिसतंय का?

आई – तुझं डोकं मधे येतंय.

मुलगी – सरकू का?

आई – नको. राहू दे.